खो-खो खेळताना मुलीचा दात मुळीसकट निखळला होता. यंदा स्पर्धेला जाताना काय तयारी ठेवू?

माणदेशी_गुरुजी

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. सहावी-सातवीचे वर्ग आणि मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी जे घडलं ते आधी सांगतो, मग विचारतो.

केंद्रस्तरीय स्पर्धेतली दुसरी मॅच होती. आमची सातवीतली एक मुलगी पाठलाग करत खांबापर्यंत गेली, सूर मारला आणि तोंड सरळ खांबावर आदळलं. उठली तेव्हा वरच्या समोरच्या दोन दातांपैकी उजवा दात जागेवर नव्हता. सगळ्या मुली मातीत शोधायला लागल्या आणि पाचेक मिनिटांत दात सापडला. पूर्ण दात, मुळीसकट, कुठे टवकाही उडालेला नव्हता.

यापुढचं सांगताना आजही हात जड होतो. दाताला माती लागली होती. मुळीवर लालसर, बुळबुळीत असं काहीतरी होतं. मला वाटलं ही घाण, यानेच जंतू होणार. मी नळावर जाऊन साबण लावला आणि ते लाल सगळं नखाने खरवडून काढलं. दात अगदी पांढरा झाला. मग कोरड्या रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. तोंडातून रक्त येत होतं म्हणून आधी गावातल्या दवाखान्यात गेलो, तिथून जीपने तालुक्याला. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत ती बसली तोपर्यंत अडीच तास झाले होते.

डॉक्टरांनी दात बसवला, तारेने शेजारच्या दातांना बांधला, नंतर रूट कॅनल केलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मुळीवरचा पडदा राहिलेला नाही. हा दात किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही."

आता ती नववीत आहे. तो दात शेजारच्यापेक्षा आखूड दिसायला लागलाय, जणू वर ओढला जातोय. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यावर ठोकून पाहिलं तर टणटण आवाज आला. मुळी विरघळत चालली आहे म्हणाले. पोरगी हसताना तोंडावर हात धरते.

पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहेत. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मैदानावर त्या पहिल्या पाच मिनिटांत मी नेमकं काय करायला हवं होतं? पेटीत काय ठेवू? आणि या मुलीच्या दातासाठी आता काही करता येईल का? आमच्यापासून दातांचा दवाखाना २६ किलोमीटर आहे, हे लक्षात घेऊन सांगा.

---

दातांची_डॉक्टर

सर, मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, १९ वर्षं झाली. तुम्ही जे केलंत ते माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांनी केलेलं असतं. घाण दिसली की धुवायची हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. दाताच्या बाबतीत नेमकं तेच नडतं.

तुम्ही जे लाल खरवडलंत तो दात आणि हाड यांच्यामधला पडदा. आपला दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बारीक तंतूंच्या या पडद्यावर तो झुल्यासारखा टांगलेला असतो. दात निखळतो तेव्हा पडदा मधोमध फाटतो. अर्धा हाडाकडे राहतो, अर्धा मुळीवर. मुळीवरच्या अर्ध्यातल्या पेशी जिवंत असताना दात परत बसवला तर दोन्ही अर्धे पुन्हा जुळतात. पेशी मेल्या असतील तर मधे काही उरत नाही, हाड थेट मुळीला चिकटतं आणि हळूहळू मुळीची जागा घेत जातं. तो टणटण आवाज त्याचाच. वाढत्या वयात बाकीचे दात जबड्याबरोबर खाली येतात, चिकटलेला दात तिथेच अडकून राहतो. म्हणून तो आखूड दिसतो.

या पेशींना सगळ्यात जास्त मारतं ते कोरडं राहणं. दात हवेत कोरडा राहिला तर अर्ध्या तासात बहुतेक पेशी जातात, तासाभरानंतर काही उरलं असेल अशी आशा धरता येत नाही. डेन्मार्कचे येन्स आंद्रेआसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परत बसवलेल्या ४०० दातांचा पाठपुरावा करून १९९५ मध्ये जे मांडलं, त्याचा गाभाही हाच: जागेवरच लगेच बसवलेला दात सगळ्यात चांगला जगतो. म्हणून सर, निखळलेल्या दाताचं नशीब माझ्या खुर्चीत कमी आणि तुमच्या मैदानावर जास्त ठरतं.

तर ती पाच मिनिटं. आधी मुलीकडे बघा, दाताकडे नंतर. शुद्धीवर आहे ना, नीट बोलते ना, जबडा नीट मिटतो ना. ते ठीक असेल तर दात उचला, पण रोज तोंडात दिसतो त्या पांढऱ्या चकचकीत भागाला धरून. मुळीला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने नुसता विसळा. तेही नसेल तर नळाच्या गार पाण्याच्या बारीक धारेखाली दहाएक सेकंद धरा. घासायचं नाही, पुसायचं नाही, साबण नाही, डेटॉल नाही. मग गोलसर फुगीर बाजू ओठाकडे येईल असा धरून खाचेत हळूच सरकवा. शेजारच्या दाताच्या रांगेत आला की घडी घातलेला स्वच्छ रुमाल देऊन त्यावर हलकेच चावून धरायला सांगा आणि निघा. खाच ताजी असते तेव्हा वाटतं तितकं दुखत नाही, दात बऱ्याचदा सहज जागेवर बसतो. थोडा तिरका बसला तरी हरकत नाही, तो मी सरळ करते. मेलेल्या पेशी मात्र मला परत आणता येत नाहीत.

आत जात नसेल तर जोर करू नका. मुलगी घाबरली असेल, ओठ फार फाटला असेल, तुमचाच हात थरथरत असेल, तर दात दुधात टाका. दात पूर्ण बुडेल एवढं दूध हवं. ताजं दूध फारसं आंबट नसतं आणि त्यातले क्षार पेशींना मानवतात, त्यामुळे त्या काही तास तग धरतात. ताक आणि दही चालत नाही, आंबट असतं. शहाळ्याच्या पाण्यावर अभ्यास झाले आहेत, पण सगळ्यांचे निकाल सारखे नाहीत, म्हणून दूध मिळतं तिथे दूधच. दूध नसेल तर सलाईन. तेही नसेल तर मुलीलाच एका वाटीत थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. साध्या पाण्यात तास-दोन तास ठेवलेला दात खराब होतो, पण कोरड्या रुमालापेक्षा पाणीसुद्धा बरं.

हे सगळं कायमच्या दातांसाठी. दुधाचा दात निखळला तर तो कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या वरच कायमच्या दाताचा कोंब असतो, त्याला इजा होते. सहावी-सातवीत समोरचे दात कायमचेच असतात. पहिली-दुसरीत गोंधळ होऊ शकतो. नवे कायमचे दात मोठे, जरा पिवळट आणि कडेला करवतीसारखे असतात, दुधाचे छोटे आणि जास्त पांढरे. शंका वाटली तर बसवू नका, दुधात घालून घेऊन या. ज्या मुलाला हृदयाचा गंभीर आजार आहे किंवा ज्याची प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, त्याचाही दात स्वतः बसवू नका, दुधात घालून आणा.

आता त्या मुलीचं. तिच्या डॉक्टरांनी तो दात बसवला हे योग्यच केलं आणि तुम्ही तो घेऊन गेलात हेही. फार उशीर झालेला दातसुद्धा बसवावा असंच दातांच्या इजांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (IADT) २०२० च्या सूचना सांगतात. दात नसता तर तिथलं हाड बसून पातळ झालं असतं. त्या दाताने दोन वर्षं ते हाड धरून ठेवलं आहे. आता दात जास्तच आखूड होत असेल तर आम्ही एक गोष्ट करतो. दाताचा वरचा दिसणारा भाग कापून काढतो आणि मुळी उपटत नाही, हिरडीखाली हाडातच राहू देतो. ती हळूहळू हाडात मिसळते, हाडाची रुंदी टिकते आणि पुढे वाढ पूर्ण झाल्यावर इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताला, पक्की जागा मिळते. कधी करायचं ते तिची वाढ किती शिल्लक आहे यावर ठरतं, तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे किंवा शासकीय दंत महाविद्यालयात लवकर दाखवा. दात उपटून मोकळं व्हा असं कोणी म्हणालं तर आधी दुसरं मत घ्या.

---

धाकट्याची_आई

डॉक्टरांनी दुधाच्या दाताचं लिहिलं म्हणून माझं सांगते. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना दिवाणाच्या कडेवर आपटला. समोरचा दात दिसेचना, आम्हाला वाटलं पडला. घरभर शोधला. डॉक्टरांनी एक्स-रे काढल्यावर कळलं, दात पडलाच नव्हता, हिरडीत वर घुसला होता. त्यांनी काहीच केलं नाही. मऊ खायला द्या, बाटली आणि चोखणी बंद करा, प्रत्येक जेवणानंतर ओल्या कापडाने पुसा, एवढंच सांगितलं. मला पटलं नव्हतं. पण चार महिन्यांत दात आपोआप खाली आला. थोडा करडा झालाय. सूज किंवा पू नसेल तर त्या रंगाला हात लावायचा नाही असं सांगितलंय. कायमचा दात येईपर्यंत अधूनमधून दाखवायला जातो.

---

उपकेंद्राची_सिस्टर

गुरुजी, दाताचं डॉक्टरांनी सांगितलं, मी बाकीचं सांगते. तोंड आपटतं तेव्हा डोकंही आपटलेलं असतं. उलटी झाली, झोपाळल्यासारखी वाटली, क्षणभर जरी शुद्ध गेली, कानातून किंवा नाकातून पाणी आलं, तर दात दुधात घाला आणि १०८ ला फोन करा. अशा मुलाच्या तोंडात काही बसवायला जाऊ नका.

ओठातून, हिरडीतून रक्त खूप दिसतं, कारण ते थुंकीत मिसळून पसरतं. स्वच्छ कापडाची घडी करून दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघितलं तर थांबत नाही. पुढे वाकवून बसवा, रक्त गिळू देऊ नका, गिळलं की उलटी होते. बाहेरून गालावर गार पाण्याची पट्टी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ. आणि हळद, चुना, तुरटी, मिश्री यातलं काहीही जखमेत भरू नका. आमच्याकडे मिश्री भरलेल्या हिरड्या येतात, आधी ते काढण्यातच मुलाचे हाल होतात. लवंगेचं तेलही उघड्या जखमेवर नको, भाजतं.

मातीत पडलेली जखम आहे, धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायची नाही.

एक गोष्ट मी एकदा पाहिली आहे. दाताचा तुकडा सापडत नव्हता, सगळ्यांना वाटलं मैदानात गेला. ओठ टाके घालून शिवला. तीन आठवडे गाठ जाईना. एक्स-रे काढला तर तुकडा ओठाच्या आत. म्हणून तुकडा सापडला नाही तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. खोकला लागला असेल, श्वासाला घरघर असेल तर तो छातीत गेलाय का तेही बघावं लागतं.

---

माणदेशी_गुरुजी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. "त्या दाताने हाड धरून ठेवलं आहे" हे वाक्य मी तिच्या आईवडिलांना वाचून दाखवलं. दोन वर्षं माझ्या मनावर जे होतं ते थोडं हललं.

डॉक्टर, अजून विचारतो. आमच्याकडे म्हशीचं दूध धारेचं मिळतं, पिशवीचं नाही. ते चालेल का? पेटीत दूध ठेवायचं तर नासतं. आणि दात निखळला नाही, नुसता तुटला किंवा हलायला लागला तर? तार बांधल्यावर घरच्यांनी काय सांभाळायचं? तेव्हा त्या मुलीच्या आईने भीतीने आठ दिवस ब्रशच लावला नव्हता.

---

दातांची_डॉक्टर

म्हशीचं चालेल. तापवून पूर्ण गार केलेलं असेल तर उत्तम, गरम अजिबात नको. फक्त कच्चंच असेल तर कच्चं वापरा, दात कोरडा राहण्यापेक्षा ते हजारपट बरं. पेटीसाठी टेट्रापॅकमधलं दूध घ्या, साधं, चॉकलेटचं किंवा केशराचं नको. न फोडता फ्रीजबाहेर काही महिने राहतं, तारीख बघून बदलत जा. सोबत घट्ट झाकणाची छोटी डबी, सलाईनची लहान बाटली, गॉज, हातमोजे आणि एक टॉर्च. बस.

तुटलेला तुकडा दुधात किंवा पाण्यात ठेवून आणा, कोरडा नको. बऱ्याचदा तोच तुकडा परत चिकटवता येतो आणि दुसऱ्या कुठल्याही मसाल्यापेक्षा रंगाला जुळतो. तुटलेल्या जागी मधोमध गुलाबी किंवा लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी आहे, त्याच दिवशी या. हलणारा दात बोटाने हलवून बघत बसायचं नाही. मुलं जिभेने ढकलत राहतात, त्यांना समजावून सांगा. चावताना वरचा-खालचा दात आधी आपटत असेल तर दात जागेवरून सरकला आहे, तोही त्याच दिवशी दाखवायचा.

घरची काळजी. निखळलेला दात बसवल्यावर तार साधारण दोन आठवडे असते, हाड मोडलं असेल तर जास्त. ती बारीक, लवचीक तार असते, दाताला थोडी हालचाल मिळावी म्हणून मुद्दाम. तोवर मुगाची खिचडी, मऊ वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, उपमा. ऊस, पेरू, बोरं, शेंगा, चिक्की नाही. खो-खो, कबड्डी नाही.

आणि ब्रश बंद करायचा नाही. पहिल्या दिवसापासून मऊ ब्रशने, प्रत्येक जेवणानंतर, हिरडीकडून दाताकडे अलगद. तारेभोवती अन्न साचलं की हिरडी सुजते आणि नवा पडदा जुळायच्या आतच बिघडतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिवसातून दोनदा देतो, दोन आठवडे. दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर निघतात. चूळ थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना ते हातात देऊ नका, कापसाने लावा. लिहून दिलेली प्रतिजैविकं पूर्ण करा.

मुळीचं टोक बंद झालेलं असेल, म्हणजे साधारण दहा-अकराच्या पुढे, तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनल सुरू करावं लागतं. दुखत नाही म्हणून पालक टाळतात आणि मेलेल्या नसेतल्या जंतूंमुळे मुळी काही महिन्यांत पोखरली जाते. सात-आठ वर्षांच्या मुलाची मुळी अजून उघडी असते, तिथे नस पुन्हा जगू शकते, म्हणून आम्ही थांबतो आणि लक्ष ठेवतो. तपासणी मात्र सगळ्यांची: दोन आठवडे, महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि मग पाच वर्षं दरवर्षी. मुळी विरघळते तेव्हा मुलाला काहीच दुखत नाही, एक्स-रेमध्येच दिसतं.

---

जुना_कबड्डीपटू

मी वीस वर्षांचा होतो. जिल्ह्याच्या सामन्यात चढाई करताना समोरच्याचं कोपर बसलं. आमच्या कोचने दात उचलला, बाटलीतल्या पाण्याने विसळला आणि तिथल्या तिथे जागेवर दाबला. दोन-तीन मिनिटांचं काम. अकरा वर्षं झाली, रूट कॅनल केलेला तो दात अजून माझा आहे, त्याने ऊस सोलत नाही एवढंच. गुरुजी, गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायचा माउथगार्ड मिळतो. मुलांचे दात पडत-येत असतात त्यामुळे तो बदलावा लागतो, पण कबड्डी खेळणाऱ्यांना तरी घालायला लावा.

---

माणदेशी_गुरुजी

पेटी तयार झाली. दुधाचा पॅक, डबी, सलाईन, गॉज, हातमोजे, टॉर्च. झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे: मुळीला हात नाही, घासायचं नाही, जागेवर किंवा दुधात.

काल शेवटच्या तासाला संघाला पिंपळाखाली बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात मक्याचा एक टपोरा दाणा दिला. दाण्याचं टोकदार पांढरं टोक म्हणजे मुळी, पिवळा गोल भाग म्हणजे आपल्याला दिसणारा दात. तो मातीत टाकून पिवळ्या बाजूने उचलायचा, नुसता विसळायचा, डबीत टाकायचा. दोनदा-तीनदा करून घेतलं. नववीतली ती मुलगी स्वतःहून आली होती. एका लहान मुलीने दाणा बोटाने चोळायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, "लाल दिसलं तरी चोळायचं नाही. ते दाताचंच असतं."

मंगळवारी तिला दंत महाविद्यालयात घेऊन जातोय, तिचे वडील आणि मी. त्यांचा एकच प्रश्न आहे, तो इथे विचारतो. वरचा भाग कापून काढला तर इम्प्लांटचं वय होईपर्यंत पोरगी समोर मोकळी जागा घेऊन फिरणार का?

---

दातांची_डॉक्टर

नाही. कापलेला तो वरचा भाग टाकून देत नाहीत. बऱ्याचदा त्याला मागून नीट आकार देऊन शेजारच्या दोन दातांना चिकटवतात. रंग, आकार सगळा तिचाच. तिथल्या डॉक्टरांना हे करता येईल का ते आवर्जून विचारा, आणि दोन वर्षांपूर्वीपासूनचे सगळे एक्स-रे सोबत न्या.